समोरच्या शाळेबद्दल काकांचं मत

आमच्या रस्त्यावर केस कापणाऱ्या काकांना मुलं 'हो-हो काका' म्हणतात. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही, काकांना तर मुळीच नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसून काहीही म्हणालं, की काकांचं 'हो, हो' ठरलेलं. उकाडा वाढलाय? हो, हो. कालच्यापेक्षा बराय? हो, हो. सगळे पुढारी चोर आहेत? हो, हो. आणि थोड्या वेळाने एखाद्या पुढाऱ्याचाच मेव्हणा त्याच खुर्चीत बसून म्हणाला, की या माणसांनी आपल्यासाठी किती खस्ता खाल्ल्या, तरीही तेच.

त्यांना होयबा मात्र म्हणू नका. होयबा स्वतःच्या फायद्यासाठी मान डोलावतो. काका 'हो' म्हणणं हा कामाचाच भाग समजायचे. एकदा पट्ट्यावर वस्तरा घासता घासता त्यांनी मला सांगितलं होतं, "हे बघा, ज्याच्या गळ्याशी आपलं पातं आहे, त्याच्याशी वाद घालायचा नसतो. तो दचकला तर रक्त येतं. आपण चिडलो तरी रक्त येतं." त्यांच्या वडिलांनी हे त्यांना हातात कैची देण्याच्या आधी शिकवलं होतं.

मी त्यांचा शेजारी. घड्याळं दुरुस्त करतो. दोन दुकानांमधली भिंत इतकी पातळ आहे, की माझ्या घड्याळांचे ठोके त्यांच्या गिऱ्हाइकांना ऐकू जातात. हल्ली घड्याळ दुरुस्त करायला येतं कोण? त्यामुळे माझा बराचसा दिवस काकांच्या बाकावर वर्तमानपत्र धरून जातो. डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून मी गिऱ्हाईक नाही, आणि स्वभाव तिरसट म्हणून मला कुणाची री ओढायची सवयही नाही. पण त्या बाकावर बसून एक गोष्ट मला कळली. माणसाला कुठल्याही विषयावर मत विचारा, त्याच्याकडे ते असतंच. नसलं तर तोंड उघडेपर्यंत तयार होतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त मतं होती समोरच्या शाळेवर.

समोर म्हणजे अगदी समोर. रस्ता ओलांडला की सरकारी हायस्कूलचं लोखंडी फाटक. दुकानाचं दार उघडं असलं की ते फाटक काकांच्या मोठ्या आरशात दिसतं. खुर्चीतल्या माणसाला मान हलवता येत नाही. त्याच्यासमोर दोनच गोष्टी असतात, स्वतःचं थोबाड आणि त्यामागे शाळा. साहजिकच थोबाडापेक्षा शाळेबद्दल बोलणं सोपं जातं. सुटीच्या वेळी मुलं एकमेकांना ढकलत बाहेर पडायची, कुणाचं तरी दप्तर रस्त्यावर लोळायचं, कुणी शिवी हासडायचा, आणि खुर्चीतून उसासा यायचा, "काय दशा झालीय या शाळेची!"

"हो, हो."

"आमच्या वेळी असं नव्हतं."

"हो, हो."

मीही 'आमच्या वेळ'चाच. त्याच शाळेत शिकलो. नववी तर मला इतकी मानवली, की दोन वर्षं केली. तेव्हा याहून जास्त ढकलाढकली होती, आणि ढकलणाऱ्यांत आज खुर्चीत बसून उसासे टाकणारे पुढे होते. पण हे बोलून दाखवलं तर माझ्याशीच भांडण होणार, म्हणून मी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरायचो.

शाळेला नावं ठेवण्यात सगळ्यात तरबेज होते चौकातले फर्निचरवाले. मोठं दुकान, भारदस्त आवाज, शब्दाला वजन. त्यांची नातवंडं टेकडीवरच्या खाजगी शाळेत बसने जातात. दर रविवारी सकाळी दाढीला यायचे आणि फेस लागण्याआधीच सुरुवात करायचे. "शिक्षक नुसते बसून पगार खातात काका. असल्या शाळेत घालणं म्हणजे मुलांचं वाटोळं करणं. बंदच करून टाकायला हवी, काय?"

"हो, हो," काका म्हणायचे आणि त्यांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलायचे.

आणि काकांची एकुलती एक लेक त्याच शाळेत गणित शिकवते.

ती तिथेच शिकली, मग शहरात गेली, तिथल्या एका नावाजलेल्या शाळेत तिला नोकरीही लागली. आणि एक दिवस स्वतः बदली मागून घेऊन इथे परत आली. काकू तेव्हा रडल्या होत्या. आनंदाने की वैतागून, ते त्यांनाच ठाऊक. घर दुकानाच्या मागेच, मध्ये फक्त एक पडदा. संध्याकाळी लेक घरी आली, की पडद्यापलीकडून तिचा आवाज सुरू व्हायचा, आणि त्यापुढे फर्निचरवाले परवडले असं वाटायचं. प्रयोगशाळेचं छत गळतंय. मुख्याध्यापक एका सहीला आठवडा लावतात. मुलं आठवीत येतात आणि साधा भागाकार येत नाही. फळा इतका गुळगुळीत झालाय, की खडू उमटत नाही. काका कंगवे पुसता पुसता पडद्याकडे तोंड करून म्हणायचे, "हो, हो."

दिवसभर बाहेरच्यांचं नावं ठेवणं, संध्याकाळी घरातलं, आणि दोन्हीला एकच उत्तर. त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

त्या वर्षी आठवीला फारच कमी मुलं आली. मग कळलं, की शिक्षण खातं ही शाळा हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकायच्या विचारात आहे. त्याआधी लोकांचं मत ऐकायला एक अधिकारी बाई येणार होत्या. एक सभा लगेच, दुसरी महिन्याने. शाळा गेली तर मुलांना बस करून हमरस्ता ओलांडावा लागणार होता. ज्या घरांना बस परवडणार नाही, तिथल्या मुली घरीच बसणार, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण कळत सगळ्यांना होतं. काकांची लेक पहिल्या सभेआधी घरोघर फिरली. सभेला या, दोन शब्द बोला, म्हणून पालकांना सांगत राहिली.

सभा चौकातल्या वाचनालयाच्या सभागृहात, दुपारी होती. ज्यांची मुलं त्या शाळेत होती ते त्या वेळी कुणाच्या तरी कामावर होते. सभागृह भरलं ते ज्यांची मुलं तिथे नव्हती त्यांनी. मतं असलेल्या माणसांना वेळ भरपूर असतो, हे मी बाकावर बसून शिकलोच होतो.

लेक आधी बोलली. छत गळतं हे तिने सांगितलं, भागाकाराचं सांगितलं, आणि तरी शाळा का राहायला हवी तेही सांगितलं. तिचं बोलणं संपतंय तोच फर्निचरवाले उठले.

"बाई, तुमची नोकरी आहे तिथे, तुम्ही असंच म्हणणार. त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण तुमच्या वडिलांना विचारा. जन्म गेला त्यांचा ही शाळा समोर बघण्यात. कितीदा बोललेत माझ्याशी. बंद व्हावी असंच त्यांचंही मत आहे."

"खरंय. मलाही म्हणालेत," आणखी कुणीतरी म्हणालं. चार-सहा माना हलल्या. सगळ्या माना काकांनीच नीट केलेल्या.

अधिकारी बाईंनी विचारलं, "ते आलेत का?"

काका माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत होते. लेकीने इस्त्री करून दिलेला शर्ट घालून आले होते. ते उठून उभे राहिले.

"हे म्हणतात तसं तुम्ही म्हणाला होता का?"

मी त्यांची बाही ओढली. पण फर्निचरवाले मान किंचित वर करून त्यांच्याकडे बघत होते, अगदी खुर्चीत बसून बघतात तसे, आणि काकांच्या तोंडून आपोआप निघालं, "हो, हो."

सभागृहात हशा पिकला. बाईंनी ते लिहून घेतलं. लेक समोरच्या भिंतीवरच्या रिकाम्या फळ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि सभा संपेपर्यंत वळली नाही.

बापानेच केसाने गळा कापला, असं लोक म्हणायला लागले, आणि म्हणताना हसायला लागले, कारण तो गळा कापायचा प्रकार त्यांना काकांच्या धंद्याला फारच शोभून दिसला. मला त्या हसण्याचा संताप येत होता. ज्यांनी काकांचं 'हो' सभेत नेऊन विकलं, तेच आता त्यांना हसत होते.

लेकीने घरी आदळआपट केली नाही. केली असती तर बरं झालं असतं. ती फक्त बोलायची थांबली. संध्याकाळी पडद्यापलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, काकूंचा एखादा शब्द यायचा, तिचा यायचा नाही. काकू एकदा माझ्याकडे घरातलं बंद पडलेलं घड्याळ घेऊन आल्या. घड्याळाला काहीच झालेलं नव्हतं, किल्ली द्यायची राहिली होती.

"तिने बदली मागितलीय," त्या म्हणाल्या. "कुठेही द्या म्हणाली. फक्त इथे नको."

त्या संध्याकाळी मी दुकान बंद करता करता काकांकडे डोकावलो, तेव्हा ते पडद्याशी उभे होते. आत जायचं धाडस होत नसावं.

"अगं, तूही तर रोज नावंच ठेवायचीस ना शाळेला," ते पडद्याला म्हणाले. "मी तुलाही हो म्हणत होतो, त्यांनाही हो म्हणत होतो."

आतून लेक म्हणाली, "मला उद्या सकाळी तिथे जायचं असतं बाबा, म्हणून मी नावं ठेवते. त्यांना कधीच जायचं नसतं, म्हणून ते ठेवतात. तुम्हाला दोन्ही सारखंच ऐकू आलं?"

काका 'हो' म्हणाले नाहीत. ते बाकावर येऊन माझ्या शेजारी बसले.

"मी खोटं बोललो नाही हो," ते म्हणाले. "बाईंनी विचारलं, तुम्ही असं म्हणाला होता का. म्हणालो होतो."

"पण तुम्हाला वाटतं का तसं?"

"मला काय वाटतं हे कधी कुणी विचारलंच नाही."

"मग आता मी विचारतो."

त्यांनी समोरच्या फाटकाकडे पाहिलं. "काय सांगणार? ती लहान होती तेव्हा तिला त्या फाटकापर्यंत सोडायला जायचो. त्याच्या आत कधी गेलोच नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग जा की! रस्ता ओलांडायला काय गाडी लागते?"

दुकानाच्या सुटीच्या दिवशी ते गेले. लेकीची परवानगी काकूंमार्फत काढली होती. तिने एकच अट घातली होती. मागच्या बाकावर बसायचं आणि बोलायचं नाही.

त्या दिवसाचं त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय, की मीच जाऊन आल्यासारखं वाटतं. बाक बुटका होता, गुडघे हनुवटीशी आले. छतावर ओलीचा मोठा डाग होता. पंखा फिरत नव्हता. पण मागे बसल्यामुळे त्यांना सगळा वर्ग पाठमोरा दिसत होता, आणि चेहऱ्यांपेक्षा पाठमोरी डोकीच त्यांच्या जास्त ओळखीची. हे दोन भोवऱ्यांचं डोकं बेकरीतल्या माणसाच्या मुलाचं. फाटकाशी सगळ्यात जास्त दंगा करतो म्हणून ज्याच्या नावाने दुकानात खडे फोडले जातात तोच. तो तासभर हात वर करून करून बेजार झाला होता. एक डोकं बाकावर टेकलेलं, गाढ झोपलेलं. तेही ओळखीचं. पहाटे बापाबरोबर बाजारात भाजीच्या पाट्या उतरवायला जातं. मुलींच्या वेण्या मात्र त्यांना नवीन होत्या.

लेकीने एका मुलीला फळ्याशी बोलावलं. मुलीने गणित मांडलं, ते चुकलं.

"नाही," लेक म्हणाली. "असं नाही. पुन्हा बघू."

मुलीने पुसून पुन्हा मांडलं. पुन्हा चुकलं.

"नाही. पुन्हा बघू."

काका सांगतात, की पहिल्या 'नाही'ला तेच दचकले. आता ही पोरगी रडणार. ती रडली नाही. तिने फळा पुसला. दुसऱ्या कुणीतरी बाकावरून उत्तर सांगितलं, त्यालाही 'नाही' मिळालं. दोन भोवऱ्यांना तर तीनदा मिळालं. चिडून नाही, हिणवून नाही. पाणी दे, दार लाव म्हणावं इतक्या सहज. अख्खा तास एकाच गणितात गेला. शेवटी ते सुटलं, निदान अर्ध्या वर्गाला तरी सुटलं, आणि घंटा झाली.

"चांगली शाळा आहे का मग?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" काका म्हणाले. "पण एक सांगतो. एका तासात तिने इतक्या वेळा नाही म्हटलं, आणि एकालाही रक्त आलं नाही."

दुसऱ्या सभेच्या आधीचा रविवार. दुकानात गर्दी होती, मी माझ्या जागेवर होतो. फर्निचरवाले खुर्चीत बसले, टॉवेल लागला, फेस लागला. काकांनी उजवा गाल उरकला आणि डाव्याकडे वळले.

"या खेपेला निकाल लागणार शाळेचा," फर्निचरवाले फेसातून म्हणाले. "बंदच होणार. व्हायलाच हवी, काय काका?"

काकांनी वस्तरा गालापासून उचलला. तो पुसला, मिटला आणि आरशाखालच्या फळीवर ठेवला. दोन पावलं मागे झाले. मग म्हणाले, "नाही."

मी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे असं नाही. पुन्हा बघू." काका बोलत राहिले. "छत गळतं, ते खरंय. फळा गुळगुळीत झालाय, तेही खरंय. मुलं मागे आहेत. पण शिक्षक बसून पगार खातात म्हणता ना, तसं नाही. मी तासभर होतो आत. ती बसली नाही. त्या वर्गात खुर्चीच नाही."

"अहो, पण भर सभेत तुम्हीच तर—"

"तुमच्या गळ्याशी पातं असताना मी जे बोलत आलो, ते माझं मत नव्हतं साहेब. तो तुमच्या दाढीचा भाग होता. सभेत मी गोंधळलो, तीच सवय तोंडातून बाहेर पडली. परवा मी पुन्हा येणार आहे सभेला. तिथे कुणाची दाढी करायची नाही."

फर्निचरवाल्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. ते उठायला गेले आणि त्यांना आरसा दिसला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर पांढरा फेस, मागे रविवारचं बंद फाटक. असं थोबाड घेऊन चौकातून जाणं त्यांच्यासारख्या वजनदार माणसाला शक्य नव्हतं. ते परत बसले.

"उरका," म्हणाले.

काकांनी उरकलं. डावा गाल, हनुवटी, गळा. शेवटी तुरटी फिरवली. एक थेंब रक्त आलं नाही. त्यानंतर फर्निचरवाले आजपर्यंत परत आलेले नाहीत. आणखीही काहीजण चौकातल्या नव्या दुकानात जातात. काका त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, पण दुपारी खुर्ची रिकामी असते आणि ते ती उगाच पुसत राहतात, हे मला दिसतं.

दुसऱ्या सभेला काका उठले तेव्हा बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी तुम्ही हो म्हणाला होता." काका म्हणाले, "हो," आणि लोक पुन्हा हसले. मग त्यांनी रविवारी सांगितलं होतं तेवढंच पुन्हा सांगितलं, छतासकट. हमरस्त्याचं आणि मुलींचंही बोलले. हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. या खेपेला बेकरीतला माणूस कामावरून सुटी काढून आला होता, तो बोलला. कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या दोन आया बोलल्या. शाळेला एका वर्षाची मुदत मिळाली. ती काकांमुळे मिळाली असं मी म्हणणार नाही. पलीकडच्या शाळेत पुरेशा खोल्याच नाहीत असंही ऐकलं. आणि मुदत म्हणजे काही कायमचं नव्हे.

पण मला सांगायचं आहे ते त्या सभेच्या संध्याकाळचं. मुदतीचं तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मी बाकावर बसलो होतो. काका दिवसभराचे केस झाडून गोळा करत होते. पडद्यापलीकडे महिनाभर होती तशीच शांतता. मग आत चपला काढल्याचा आवाज आला, माठावरचं झाकण वाजलं, आणि अचानक लेकीचा आवाज आला, तोच जुना, तडतडणारा.

"बाबा, ऐकताय का? आज ते छत पुन्हा गळलं. बादली ठेवली तर मुख्याध्यापक म्हणतात बादलीची नोंद कुठे आहे. आणि तो फळा! पुढच्या वर्षी मी तो बदलून घेतल्याशिवाय राहणार नाही, सांगून ठेवते."

पुढच्या वर्षी, म्हणाली ती.

काकांचा झाडू थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नेहमीचं 'हो, हो' येणार. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, हात पुसले आणि पडदा सारून आत गेले.

"थांब, मी बसतो," ते म्हणाले. "हं, आता सांग."

केस तसेच जमिनीवर राहिले होते. ते मी भरले आणि दुकानाचं दार ओढून घेतलं.